विकतचा किल्ला, विकतचे यान

भाच्याने दीडेक हजार रुपये मोजून अंतराळयान विकत घेतले, ही बातमी मला गेल्या दिवाळीत लोणावळ्याला, फराळाच्या ताटावर कळली. यान अर्थातच संगणकाच्या पडद्यावरचे. त्याला हात लावता येत नाही, ते कुणाला विकता येत नाही, आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीने उद्या गाशा गुंडाळला तर त्याचे भंगारही हाती लागत नाही. पैसे मात्र खरे. तळेगावच्या कारखान्यात पाळ्या करून मिळवलेले. मी माझ्या वयाला शोभेल असे चार शब्द बोललो. चकलीचा तुकडा मोडत त्याने शांतपणे गॅलरीकडे बोट दाखवले. तिथे माझ्या नातीचा किल्ला मांडला होता. प्लास्टरचा, रंगवलेला, बुरूज-दरवाजांसकट तयार. पुण्याहून येताना मीच आणलेला.

"मामा, हा तुम्ही बांधलात का?"

त्या क्षणी मी गप्प बसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या खेळाची गंमतच काहीतरी उभे करण्यात आहे, त्यात उभी केलेली वस्तू पैसे देऊन आणावी का?

या अंतराळखेळांची कुळकथा जुनी आहे. १९८४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी 'एलिट' नावाचा खेळ लिहिला. खेळणाऱ्याच्या हाती एक यान आणि शंभर 'क्रेडिट' एवढेच भांडवल. इथला माल तिथे विकायचा, चाचे चुकवायचे, चार पैसे गाठीला बांधायचे आणि त्यातून यानाला एकेक साधन जोडत जायचे. २०१४ मध्ये त्याचाच वारस 'एलिट डेंजरस' आला. त्यात तर आपली अख्खी आकाशगंगाच, सुमारे चाळीस हजार कोटी तारामंडळांसह, मांडलेली. व्यापार करा, खाणी खणा, नाहीतर नुसते भटका. यान मात्र कमवायचे. २०२४ पासून तिथेही खऱ्या पैशांत तयार याने मिळू लागली. कुणी लढाईसाठी सजवलेले, कुणी खाणकामासाठी. काही नवी याने आधी रोकड्यात आणि काही महिन्यांनी खेळातल्या चलनात, अशीही सोय झाली. जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना हे रुचले नाही, हे ओघानेच आले.

मीही त्यांच्याच पंगतीत बसलो असतो. पण भाचा लोकलने लोणावळ्याला उतरतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्याला खेळायला मिळतो जेमतेम तासभर, तोही रोज नाही. कॉलेजातला पोरगा आठ दिवसांत कमावील ते यान याला सहा महिन्यांनी मिळणार. तोवर नुसती हमाली. दिवसभर कारखान्यात माल हलवायचा आणि रात्री पुन्हा अंतराळात तेच?

लोहगडाचे उदाहरण घ्या. आमच्या तरुणपणी मळवली स्टेशनावर उतरायचे, भाजे गावातून वर चढायचे, गायमुख खिंडीत घाम पुसायचा आणि मग गड. आता गाड्या थेट लोहगडवाडीपर्यंत जातात. गाडीतून आलेल्याला मी बरीच वर्षे मनातल्या मनात नाके मुरडली. पण पायऱ्या त्यालाही सुटत नाहीत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चारही त्याला पायांनीच ओलांडावे लागतात, आणि विंचूकाट्यावरचा वारा त्यालाही तसाच लागतो. पैशाने त्याची वाट वाचली, गड वाचला नाही. मला वाटते, यानाच्या खरेदीलाही हेच माप लावावे. पैसे देऊन वाट वाचत असेल तर खुशाल द्यावेत. गडच वाचत असेल, तर आपण पैसे देऊन घरी बसलो एवढाच त्याचा अर्थ.

भाच्याच्या पायऱ्या वाचल्या नव्हत्याच. लढाईसाठी सजवलेले ते देखणे यान घेऊन तो पहिल्याच चकमकीत उतरला आणि दोन मिनिटांत त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. यान आले होते, चालवणे आले नव्हते. यान परत मिळाले, पण पुढचे दोन महिने त्याने ते पुन्हा पुन्हा उघडले, कुठे कवच वाढवले, कुठे वजन उतरवले. आज त्यात दुकानातून आलेले फारसे काही शिल्लक नाही, असे तो म्हणतो.

हे ऐकताना मला आमचा बालपणीचा मातीचा किल्ला आठवला. अभिमानाने सांगत होतो की आम्ही सगळे हाताने करायचो. सगळे? माती, दगड, तरट, वर पेरलेले अळीव, हे खरे. पण मावळे? ते बाजारातूनच यायचे! सिंहासनावरचे महाराजही विकतचेच. मावळात जन्मून एकाही घरात मावळा घडवलेला मी पाहिला नाही, आणि त्यावाचून कुणाचा किल्ला खोटा ठरला नाही.

खुद्द लोहगड तरी काय? महाराजांनी बांधलेला नव्हे, आयता हाती आलेला जुना गड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या तेवीस किल्ल्यांमध्ये तोही मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये झगडून परत घेतला. पुढे पेशवाईत नाना फडणवीसांनी त्यावर तळे बांधले. गड आयता, राखणे आणि वाढवणे आयते नव्हे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यात स्वतः महाराजांनी उभारलेल्या राजगडाच्या बरोबरीने हा आयता लोहगडही आहे.

एवढे मान्य करूनही माझी एक अढी कायम आहे. वाट लांब आहे म्हणून गाडी करणे वेगळे, आणि गाडीवाल्यानेच वाट लांब करून ठेवणे वेगळे. यान विकणारा आणि ते कमवायला किती रात्री लागाव्यात हे ठरवणारा एकच असतो. तिथे गिऱ्हाइकाने खिशावर हात ठेवूनच वावरावे. त्याहून वाईट म्हणजे न झालेल्या यानाची विक्री. 'स्टार सिटिझन' या खेळासाठी २०१२ पासून लोकांकडून पैसे गोळा होऊ लागले. २०२४ पर्यंत ही रक्कम सत्तर कोटी डॉलरवर गेली, तरी खेळ पूर्ण झालेला नव्हता. २०१८ मध्ये तिथे याने वगैरेंचा एक संच सत्तावीस हजार डॉलरना निघाला, आणि तो पाहायची परवानगीही आधी हजार डॉलर खर्चलेल्यांनाच! काही याने तर विकली गेली तेव्हा नुसती चित्रात होती. धरणाकाठच्या बंगल्याचे रंगीत चित्र पाहून इसारा देणारे लोक मावळाने पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा यावर इथल्या वाचकाला मी अधिक काय सांगावे? पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध २०२५ साली संसदेने कायदा केला. यानाची खरेदी त्यात येत नाही, कारण तिथे जिंकायला पैसे नसतातच. जातात तेवढे जातात. तेव्हा राखण आपली आपणच करायची.

भाच्याचे दीडेक हजार वाया गेले असे मी आता म्हणत नाही. दुसरे यान घेऊ का, असे त्याने मध्यंतरी विचारले तेव्हा मात्र 'पहिले नीट उडवतोस का?' असे विचारले. त्याने अद्याप घेतलेले नाही.

यंदा नातीने मातीचाच किल्ला हवा म्हणून हट्ट धरला. गेल्या वर्षीचा प्लास्टरचा माळ्यावर आहे, धड आहे, पण त्यात तिला करण्यासारखे काही नव्हते. रात्रपाळी करून आलेला भाचा दुपारी उठला आणि सोसायटीच्या मागून पोतेभर तांबडी माती घेऊन आला. विंचूकाटा दोनदा ढासळला. संध्याकाळी पावसाची सर आली आणि तिसऱ्यांदा निम्मा वाहून गेला. मावळे मी बाजारातून आणले, डझनभर. तोफ आणायची राहिली, ती आता विकत आणायची की काडेपेटीची करायची, यावर नात आणि माझा तिशीतला भाचा चिखलाच्या हातांनी तावातावाने भांडत होते.