मोठे होण्याची भीती आणि उशीखालचे पुस्तक

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाला त्याची आई दवाखान्यात घेऊन आली. तक्रार घशाची. "डॉक्टर, शाळेत प्रार्थना हाच म्हणायचा. दिवाळीपासून गाणं बंद. घरातसुद्धा हूं आणि ऊंहूं. घसा बघा जरा."

घसा तपासला. सूज नाही, लाली नाही, ताप नाही. आवाज फुटत होता, एवढेच. तसे सांगितले तर मुलाने मान आणखी खाली घातली. मग आईने पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवले. "आणि हे उशीखाली सापडलं. या वयात असलं वाचायचं? मुलीबिली आहेत यात. त्यानंच बिघडलंय सगळं."

पुस्तक होते मिलिंद बोकील यांचे 'शाळा'. २००४ साली आलेली ही कादंबरी अनेक वाचकांनी वाचली असेल. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि वर्गातली शिरोडकर. वर्ष संपता संपता शिरोडकर गाव सोडून जाते आणि पुढे दहावी उभी असते.

आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि मुलाला विचारले, "काय आवडलं रे यातलं?" बराच वेळ गप्प राहून तो फाटक्या आवाजात म्हणाला, "शेवटी सगळं सुटतं ना, ते वाचून रडू आलं. आजी म्हणते, आता तू बाप्या झालास. मला नाही व्हायचं एवढ्यात."

वाचकहो, आजार घशात नव्हता, पुस्तकातही नव्हता. मुलगा घाबरला होता, आणि त्याची भीती ओळखणारे घरात कोणी नव्हते. पुस्तकाने ती ओळखली, म्हणून ते उशीखाली गेले.

ही भीती आपल्याच मुलांना वाटते असे नाही. जे. एम. बॅरी या लेखकाचा पीटर पॅन १९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर आला. आपण मोठे झाल्यावर कोण होणार हे आईबापांचे बोलणे ऐकून तो घरातूनच पळून जातो आणि कायमचा लहान राहतो. १९५१ साली अमेरिकेत सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' आली. तिचा नायक होल्डन सोळा वर्षांचा. शेतात खेळणारी मुले कड्यावरून खाली पडू नयेत म्हणून त्यांना झेलत उभे राहावे, एवढीच त्याची इच्छा. हा कडा म्हणजे मोठेपण. जूडी ब्लूम यांच्या १९७० च्या पुस्तकातल्या मार्गारेटची भीती याच्या उलट आहे. मैत्रिणींना पाळी आली, आपल्याला कधी येणार, आपल्यात काही कमी तर नाही, या काळजीत ती असते. अमेरिकेतल्या अनेक पालकांनी हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून काढून टाकण्याची मागणी केली. म्हणजे पुस्तक काढून घेणारी आई काही आपल्याच गावात असते असे नाही.

या आयांचा हेतू वाईट नसतो. मुलांची निरागसता टिकावी असेच त्यांना वाटते. पण माझे स्पष्ट मत असे की, निरागसता आणि अज्ञान यांत आपण गल्लत करतो. निरागसता म्हणजे मनात कपट नसणे. ते माहितीने जात नाही. उलट अज्ञान जेवढे जास्त, तेवढी भीती जास्त. पाळी म्हणजे काय हे ज्या मुलीला कोणी सांगितलेले नाही, तिला पहिल्यांदा रक्त दिसल्यावर आपल्याला मोठा आजार झाला असेच वाटते. अशा मुली माझ्याकडे येतात. गप्प बसून त्यांचे बालपण राखले असे म्हणता येईल का?

आता शरीराचे थोडे समजून घेऊ. मुलींमध्ये हे बदल साधारणपणे ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. एकाच बाकावरच्या दोघांत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते आणि दोघेही निरोगी असतात. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असणे सामान्य आहे. मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. मधल्या काळात तो फाटतो. काही महिन्यांत, कधी वर्षभराने, तो स्थिरावतो. त्या मुलाला एवढेच सांगितले, "तुझं गाणं गेलेलं नाही, पट्टी बदलतेय. ओरडू नकोस, पण गुणगुणणं सोडू नकोस." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

मात्र प्रत्येक भीती अशी समजावून जाते असे नाही. होल्डनचा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेलेला असतो. त्याला धड झोप नाही, जेवण नाही, शाळेतून नाव काढलेले. तो रात्री-अपरात्री शहरभर हिंडतो आणि त्याच्याशी नीट बोलायला कोणाला सवड नसते. ही सगळी हकिगत तो सांगतो ती आजारी पडून विश्रांतीसाठी ठेवलेले असताना, हे विसरू नये. म्हणून आपल्या मुलाची झोप, भूक, अभ्यास, मित्र यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघाड दिसला, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. मुलाने जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर एक दिवसही थांबू नये. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

पालकांना माझे सांगणे थोडकेच आहे. उशीखाली पुस्तक सापडले तर ते जप्त करण्याआधी स्वतः वाचावे. मग स्वयंपाक करताना, शेतावर जाताना, सहज विचारावे, "त्या मुकुंदाचं तुला काय वाटलं?" स्वतःविषयी विचारले की मुले तोंड मिटतात, गोष्टीतल्या मुलाविषयी बोलतात. त्या बोलण्यात त्यांचे स्वतःचे बरेच काही येऊन जाते. "आता तू मोठी झालीस, मोठा झालास" हे वाक्य मात्र दरडावून किंवा थट्टेने म्हणू नये. मोठे झाल्यावरही आईच्या मांडीवर डोके ठेवता येते, हे मुलांना कळले की अर्धी भीती जाते.

त्या आईला पुस्तक परत दिले आणि म्हटले, "आधी तुम्ही वाचा." परवा ती बाजारात भेटली. म्हणाली, "वाचलं डॉक्टर. मलाच माझी नववी आठवली." मुलगा गाऊ लागला का, असे मी विचारले. "गात नाही अजून," ती म्हणाली, "पण भांडतो, बोलतो." मला वाटते, सध्या एवढे पुरे आहे.