कासवं आपल्या सिलॅबसमध्ये का नाहीत?

मार्च २०२५ मध्ये घानाची राजधानी अक्रा इथे आंतरराष्ट्रीय समुद्री कासव परिषद भरली. (२०१० साली हीच परिषद आपल्या शेजारी गोव्यात झाली होती!) अशा परिषदेनंतर सगळेच संशोधक लगेच विमानतळ गाठत नाहीत. स्लाइड्स संपल्या की काही जण किनारे बघायला निघतात. माझ्या मते त्यांच्याबरोबर दोन-चार इंजिनिअरही असायला हवेत.

तुम्ही म्हणाल, कासवं हा बायोलॉजीवाल्यांचा विषय, आपला काय संबंध? मग अक्राच्या पूर्वेला, व्होल्टा नदीच्या मुखाशी चला. नदीच्या अलीकडे आडा, पलीकडे केटा. या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले, हिरवी कासवं आणि अजस्र लेदरबॅक रात्री वाळूत अंडी घालायला येतात. आडाच्या लोकांत कासव मारणं परंपरेनेच निषिद्ध मानलं जातं.

१९६५ साली याच नदीवर आकोसोम्बो धरण पूर्ण झालं. देशाला वीज मिळाली, पण नदीबरोबर समुद्राकडे येणारी वाळू धरणामागे अडकली. केटाचा किनारा आधीपासून खचत होताच, तो आणखी खचला. घरं गेली. डॅनिश लोकांनी १७८४ मध्ये बांधलेल्या किल्ल्याचा मोठा भाग समुद्राने गिळला. शेवटी गाव वाचवायला दगडी बांध घालावे लागले. गाव वाचलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण दगडात कासवाला खड्डा खणता येत नाही! त्यात भर म्हणजे बांधकामासाठी किनाऱ्यावरची वाळू चोरून उपसली जाते.

आता सांगा, धरण कुणाचं? बांध कुणाचा? काँक्रीट कुणाचं? आणि ज्या दिव्यांमुळे पिल्लं समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात, ते दिवे कुणी लावले? सगळं आपल्याच ब्रँचेसचं काम. उपायही आपल्याकडेच आहेत. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेलं कासव बाहेर पडावं म्हणून जाळ्यात जाळी आणि झडप बसवतात, ती इंजिनिअरिंगच आहे ना?

धरणं बांधू नका, असं मी म्हणत नाही. वाळूचा हिशेब डिझाइन करतानाच मांडा, एवढंच म्हणणं आहे. तो हिशेब वर्गात बसून कळत नाही. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे कारखाना, कँटीन आणि ग्रुप फोटो. एक व्हिजिट रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला काढू या. गावकऱ्यांनी जपलेली रिडलेची घरटी तिथे बघायला मिळतात. सरांनी मनावर घेतलं, तर अवघड नाही!