कलमतराश



या महिन्यात माझ्या एका शौकाबद्दल लिहितो आहे. चारचौघांत तो सांगायला मी आजवर कचरत आलो. कोणी टपाल तिकिटे जमवतो, कोणी नाणी. मी चाकू जमवतो. खिशात मावणारे, घडीचे, जुने चाकू. आज माझ्याकडे सव्वीस आहेत, सगळे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात. लग्नानंतर आमच्या घरी हा डबा पहिल्यांदा उघडला, तेव्हा बेगमने एकच विचारले, "लोक काय म्हणतील?" त्या वेळी डब्यात तीनच चाकू होते. तिची काळजी मात्र तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

या शौकाची सुरुवात अब्बांपासून झाली. अब्बा उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्या काळी मुले लाकडी तख्तीला मुलतानी माती फासून वाळवत आणि तिच्यावर बोरूने लिहीत. रोज सकाळी पहिल्या तासाला अब्बांच्या टेबलापुढे रांग लागे. ज्याचा बोरू बोथट झाला असेल तो पुढे करायचा. अब्बा सदऱ्याच्या खिशातून छोटा चाकू काढत, अंगठ्याच्या नखाने पाते उघडत आणि चार-पाच हातांत कलम तयार करून देत. आधी टोक तिरके तासायचे, मग आतला भुसा खरवडायचा, मग शाई उतरावी म्हणून मधोमध बारीक चीर पाडायची आणि शेवटी कलम कठीण पट्टीवर ठेवून एका दाबात टोक छाटायचे. त्या शेवटच्या कापाला 'कत' म्हणतात. कत स्वच्छ बसला की 'टक्' असा आवाज येई. तो आवाज आला की मुलगा खूश.

त्या चाकूला अब्बा 'कलमतराश' म्हणत. फारसीत तराशणे म्हणजे तासणे. कलम तासणारा तो कलमतराश. गंमत म्हणजे इंग्रजीतही खिशातल्या छोट्या चाकूला पेननाइफ म्हणतात, कारण पिसाची लेखणी तासायला तो लागे. म्हणजे पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, खिशातला हा चाकू लिहिणाऱ्या माणसाचा सोबती होता. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्या कारकुनांकडे आणि उर्दू लिहिणाऱ्या कातिबांकडे कलम वेगवेगळी असेल, पण ती तासायला चाकू लागायचाच. चेन्नईचे 'मुसलमान' हे उर्दू दैनिक १९२७ साली सुरू झाले आणि छपाईची यंत्रे बदलली तरी कित्येक दशके त्याचा मजकूर कातिब हातानेच लिहीत राहिले.

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची पेटी उघडली. दौत, चष्मा, दोन जुन्या हजेऱ्या आणि तळाशी तो कलमतराश. गंजून पूर्ण मिटलेला. जोर लावून उघडायला गेलो असतो तर पाते तुटले असते. मी तो घेऊन आमच्या ओळखीच्या एका निवृत्त ड्रॉइंगच्या सरांकडे गेलो. त्यांनी दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवून ठेवला, मग खिळ्याच्या जागी तेलाचा एकेक थेंब सोडत हळूहळू सैल केला. मी म्हणालो, "सर, एकदम चकचकीत करून टाका." ते म्हणाले, "मास्तर, गंज काढायचा, वय काढायचं नाही." पात्यावर करडी-निळसर झाक होती. साध्या पोलादावर वर्षानुवर्षे लिंबू, आंबा, पेरू कापले की त्या आंबटपणाने अशी झाक चढते आणि ती गंजाला थोडीफार अडवतेही. ती त्यांनी तशीच ठेवली. मग स्वतःचे कपाट उघडून त्यांनी मला अकरा चाकू दाखवले. वीस वर्षांची ओळख, आणि त्यांना हा शौक आहे हे मला माहीत नव्हते. तेही लोकांना सांगत नव्हते.

असे करत आम्ही पाचजण झालो. ड्रॉइंगचे सर, मी, संत्र्याची बाग असलेले एक काका, दारव्ह्याचे एक फर्निचर मिस्त्री चाचा आणि आमच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा एक तरुण. गावाच्या नावातच लोहार आहे, पण आमच्यात लोखंड तापवून ठोकणारा तो एकटाच. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याच्या तुकड्यातून तो पाती घडवतो.

महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी ओसरीवर बसतो. चहा होतो, मग प्रत्येक जण रुमालात गुंडाळून आणलेला एखादा चाकू सतरंजीवर ठेवतो. मिस्त्री चाचांकडे इंग्लंडमधल्या शेफील्डचा, रॉजर्स कंपनीचा शिंगाच्या मुठीचा जुना चाकू आहे. त्याच्या पात्यावर चांदणी आणि क्रूस यांची खूण आहे, ती भिंगातून पाहावी लागते. काकांकडे डोळा भरायचा चाकू आहे. विदर्भात संत्र्याची कलमे जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, चाकूच्या बोथट शेपटाने साल उचलायची आणि आत डोळा सरकवायचा. पाते जरा बोथट असले की साल फाटते आणि डोळा मरतो. काका म्हणतात, "सर, तुमच्या अब्बांचाही कलमेचा चाकू, माह्याही कलमेचा. मंग आपण एकाच धंद्यातले झालो का नाही?" ही कोटी ते दर वेळी करतात आणि आम्ही दर वेळी हसतो.

बोलण्यात मोठा भाग बारकाव्यांचा असतो. घडीच्या चाकूचा जीव त्याच्या पाठीतल्या कमानीत असतो. तीच पात्याला उघडे धरून ठेवते आणि तीच मिटताना आत खेचते. चांगल्या चाकूची कमान पाते उघडताच 'खट्' करून बसते, आणि मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या बाहेर कुठेही बोटाला लागत नाही. फ्रान्सच्या सव्हॉय डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा अगदी साधा चाकू बनवला. त्यात कमानच नाही, आणि पाते पक्के करणारी फिरती कडी १९५५ साली आली. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर याने १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये लाल मुठीच्या त्या प्रसिद्ध चाकूचा मूळ नमुना नोंदवला. आपल्याकडचे मोठे नाव रामपूरचे. तिथल्या कारागिरांचा हात असा की पितळी मुठीवर मासोळीची नक्षी उठून दिसे. पण सिनेमाने रामपुरीला गुंडाच्या हाती दिले, आणि १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पाती बनवण्यावर बंदी आल्यावर बहुतेक कारागिरांचे काम सुटले.

धार लावण्यावरून आमच्यात सगळ्यात जास्त वाद होतात. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या शिकलगारांनी केले. मूळ शब्द 'सैकलगर'. सैकल म्हणजे धातू घासून लख्ख करणे. सायकलला दगडी चाक बसवून बकरी ईदच्या आधी मोहल्ल्यात येणारा धारवाला तुम्हीही पाहिला असेल. त्याचे चाक सुऱ्यांसाठी ठीक, पण जुन्या नाजूक पात्याला ते खाऊन टाकते. असा चाकू सपाट दगडावर, तेल किंवा पाणी टाकून, पाते जेमतेम वीस अंशांनी उचलून हातानेच घासावा. चामड्याच्या पाकिटात तो कायम ठेवू नये, चामड्यामुळे पोलादाला गंज लागतो. आणि खोबरेल लावू नये, ते चिकट होते. शिलाई मशीनचे तेल बरे.

हे सगळे आनंदाचे झाले. आता दुसरी बाजू सांगतो.

दोन वर्षांपूर्वी काका आणि मी एसटीने बैठकीला निघालो होतो. एका बसस्थानकावर बॅगा तपासत होते. माझ्या बॅगेत डबा निघाला, डब्यात सहा चाकू. मला नाव विचारले. मी सांगितले. मला बाजूला उभे केले. "एवढे चाकू कशाला? कुठं चालला? कोणाकडं?" मी शिक्षक असल्याचे ओळखपत्र दाखवले. ते उलटसुलट करून पाहिले. आजूबाजूला माणसे जमली. त्यात आमच्या शाळेतल्या एका मुलाची आईही होती. काकांची थैली कोणी उघडलीच नव्हती. तेव्हा काकांनी ती स्वतःच बाकड्यावर उपडी केली. आत माझ्या कोणत्याही चाकूपेक्षा मोठा चाकू आणि एक इळा होता. ते म्हणाले, "माहंबी पाहून घ्या ना साहेब. मले काहून सोडलं?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आम्हाला दोघांनाही जायला सांगितले.

मी घरी आलो तेव्हा बेगमला काही सांगितले नाही. तिला ते दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईकडूनच कळले. ती रागावली नाही. डबा उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "अब्बांचा तेवढा खाली राहू दे."

त्यानंतर मी कायदा नीट वाचला. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यालाच परवाना लागतो, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातूनही वगळली आहेत. माझा सगळ्यात मोठा चाकू साडेतीन इंचांचा. पण सणासुदीला किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी चाकू बाळगणेच गुन्हा ठरते. कोणाच्याही घरात असा शौक असेल तर एवढे माहीत असावे. आम्ही पाचजणांनी एक वही केली. तिच्यात प्रत्येक चाकूचे माप, कुठून मिळाला आणि कोणाचा आहे हे लिहिलेले आहे. मनाई आदेश असेल त्या महिन्यात बैठक नाही. एरवी बैठकीला जाताना माझा डबा काका नेतात.

हा शेवटचा नियम काकांनी प्रेमाने केला आणि मी मान्य केला. पण दर वेळी डबा त्यांच्या हाती देताना मनात काहीतरी खुपते. माझ्या वडिलांची वस्तू मी स्वतःच्या हाताने नेऊ नये, हे शहाणपण आहे की भीती, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. बेगम म्हणते शहाणपण. आठवीतली आमची मुलगी म्हणते भीती.

याच मुलीने मला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढे अर्धा तास उभे केले. पितळेचे, पोलादाचे, मोराच्या आणि घोड्याच्या आकाराचे अडकित्ते. दिनकर केळकरांचा एकुलता मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी हा सगळा संग्रह उभा केला आणि पुढे तो शासनाला देऊन टाकला. मुलगी म्हणाली, "अब्बू, यालाही धारच आहे ना? मग हे काचेत आणि आपलं कपाटावर का?"

त्या प्रश्नानंतर मी हिंमत केली. मुख्याध्यापकांची परवानगी काढली, पालकांना चिठ्ठी पाठवली आणि शाळेत 'बोरूचा दिवस' ठेवला. चाकू फक्त माझ्या हातात राहील, मुलांच्या हातात कलम, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहिले. दोन पालकांनी नको म्हटले, त्यांची मुले त्या तासाला वाचनालयात बसली. बाकीच्यांची रांग लागली. अब्बांच्या कलमतराशने मी बेचाळीस बोरू तासले. मराठीच्या मुलांनी श्रीगणेशा लिहिला, कोणी स्वतःचे नाव लिहिले, काहींनी फळ्यावर पाहून उर्दूतला अलिफ काढला. ड्रॉइंगचे सर मदतीला आले होते. बसस्थानकावरची ती आईही आली होती. तिचा मुलगा रांगेत होता. त्याच्या बोरूचा कत पहिल्यांदा वाकडा गेला, दुसऱ्यांदा बसला. 'टक्' आवाज झाला तशी ती म्हणाली, "सर, आमच्या आजोबांकडे असाच एक होता. अडगळीत असेल. शोधून आणू का?"

तिने आणला. गंजलेला, मुठीचे एक पान तुटलेला. युरोपात चाकू भेट मिळाला की बदल्यात एक नाणे देतात, नाहीतर दोस्ती तुटते म्हणतात. मी तिला एक रुपया देऊ केला. ती म्हणाली, "भेट नाही सर, दुरुस्त करून परत द्या."

सध्या तो चाकू आमच्या खिडकीत रॉकेलच्या वाटीत भिजतो आहे. तुमच्याही घरात, आजोबांच्या पेटीत किंवा शिवणाच्या डब्याच्या तळाशी असा एखादा असू शकतो. जोर लावून उघडू नका. आधी तेल घाला, आणि तो कोणाचा होता हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा.