दाबण्याआधी स्पर्शपरीक्षा

अ‍ॅक्युप्रेशर ही मूळची चिनी पद्धती आता आपल्याकडे गावोगावी परिचित झाली आहे. कर्जत-खालापूर परिसरातील वैद्यांनाही ‘जरा पाय दाबून द्या’ म्हणणारा रुग्ण नवा नाही. ‘हेच आपले मर्मशास्त्र’ असे काही वैद्यबंधू सांगतात. या विधानाचा विचार शास्त्राधारे व्हावा, असे आम्हांस वाटते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील सहाव्या अध्यायात १०७ मर्मे वर्णिली आहेत. हाताचा अंगठा व तर्जनी यांमधील क्षिप्र मर्म आणि अ‍ॅक्युप्रेशरमधील एक प्रमुख बिंदू यांचे स्थान जवळजवळ एकच आहे. तथापि सुश्रुतांनी तेथे आघाताचे परिणाम सांगितले आहेत; शल्यकर्मात कोणते स्थान जपावे, याचे ते ज्ञान आहे. आपली हस्तचिकित्सा अभ्यंग, मर्दन, संवाहन, उद्वर्तन या नावांनी स्वतंत्रपणे सांगितलेली असून तिचे निषेधही सांगितलेले आहेत.

अ‍ॅक्युप्रेशर त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. मनगटाच्या आतील बाजूच्या एका बिंदूवर दाब दिल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असे अभ्यासांत आढळले आहे. उपयुक्त ते अवश्य घ्यावे, परंतु त्याच्या स्वतःच्या नावाने घ्यावे.

खरी चिंता निषेधांच्या विस्मरणाची आहे. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून राबणाऱ्यांच्या कंबरा व पोटऱ्या दुखणे स्वाभाविक आहे. मात्र याच दिवसांत कोकणपट्टीत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायांच्या जखमांवाटे जंतू शरीरात शिरतात. ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना ही त्याची लक्षणे होत. प्रतिजैविके वेळेत न मिळाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असा रुग्ण समोर असता आपण बिंदू शोधत बसलो, तर हातचा दिवस जातो. नवज्वरात अभ्यंग वर्ज्य आहे, हे तर आपण सर्वजण शिकलो आहोत. एकाच पोटरीस सूज व उष्णता असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेथेही मर्दन घातक ठरते.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न हा आपला क्रम आहे. वैद्याचा हात प्रथम परीक्षेसाठी व नंतर उपचारासाठी उठावा. संघटनेने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कर्जत व खोपोली येथे या विषयावर एकेक वर्ग घ्यावा आणि वाड्यापाड्यांवर मालिश करणाऱ्या स्त्रियांनाही त्यात सन्मानाने बोलवावे. ताप असलेल्या रुग्णाचे पाय न दाबता त्याला त्वरित रुग्णालयात पाठविण्याचे भान सर्वांना आले, तरी त्या वर्गाचे सार्थक होईल.