गढ्यांना वाली कोण?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, ह्याचा आनंद साऱ्या महाराष्ट्राप्रमाणे आम्हांसही झाला. परंतु आमच्या नगरापासून सुमारे ३० किलोमीटरांवर, वेरूळास, मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवरायांच्या आजोबांचे ते घर! लेणी पाहावयास येणाऱ्या असंख्य प्रवाशांपैकी तिकडे पाय वळविणारे किती? तेथे आता जोतीच काय ती उरली आहेत.

मराठवाड्यात ज्या गढ्या अद्याप उभ्या आहेत, त्यांचीही वाट तीच दिसते. खाली दगडी बांधणी, कोपऱ्यांस बुरूज, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, अशी ही घरे. माथा झाकलेला असेतोवर ही माती पिढ्यान्‌पिढ्या तग धरते. तो उघडा पडला की पावसागणिक विरघळू लागते. उरलीसुरली गावकरी माळवदावर घालण्यासाठी खणून नेत आले. गरजवंताला दोष तरी कसा द्यावा?

१९६० च्या राज्य कायद्याने वास्तू ‘संरक्षित’ ठरविता येते. पण निळ्या फलकाने पाऊस अडत नाही. शिवाय अनेक गढ्या खासगी मालकीच्या, वारसांत वाटल्या गेलेल्या. सरकारी शिक्का बसला की आपला हक्क गेला, ही धास्ती मालकांस वाटते. संरक्षित वास्तूच्या जतनासाठी मालकाशी करार करण्याची सोय त्याच कायद्यात आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितले आहे काय? पुरातत्त्व खात्याने येत्या पावसाळ्यापूर्वी निदान ह्या जिल्ह्यातील गढ्यांची मोजदाद करावी आणि ज्या भिंती उघड्या आहेत त्यांवर आधी छप्पर घालावे. फलक मागाहून लागला तरी चालेल.