दूध खतम हो गया क्या?

गेल्या आश्विनात खाला घरी आल्या. मी त्यांच्यापुढे काचेच्या पेल्यात पिवळसर हिरवा, वाफाळता चहा ठेवला. त्यांनी आधी पेल्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “दूध खतम हो गया क्या, बाबा?”

हा चहा मला एका काश्मिरी शालवाल्याने शिकवला. दिवाळीच्या आसपास हे लोक गठ्ठे घेऊन आपल्या गावांत येतात. त्याच्या खोलीवर एकदा कहवा प्यायलो, तेव्हापासून घरी करतो. दालचिनीचा छोटा तुकडा आणि दोन ठेचलेल्या वेलच्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळायच्या. भांडं खाली उतरवून जरा निवू द्यायचं, मगच ग्रीन टीची अर्धा चमचा पत्ती टाकून दोन-तीन मिनिटं झाकायचं. आपल्या सवयीप्रमाणे पत्ती उकळली की कडू झालीच म्हणून समजा. काश्मिरात केशर आणि बदाम घालतात. पांपोरला केशराची फुलं याच दिवसांत वेचतात, पण मास्तरच्या पगारात केशर बसत नाही. म्हणून एकदा हळद घालून पाहिली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच, पण चहाला सर्दीच्या काढ्याची चव आली. आता अंगणातल्या गवती चहाची एक पात घालतो, तेवढी पुरते.

हा चहा याच दिवसांत खरा लागतो. पाऊस गेलेला, सोयाबीनची मळणी चालू, दुपारी ऊन भाजून काढतं आणि फजरच्या नमाजला अंगाला गारवा लागतो. अशा पहाटे उकळलेला दुधाचा चहा मला जड वाटतो.

पण खालांचा प्रश्न चवीचा नव्हता. आपल्याकडे चहातलं दूध आणि साखर ही इज्जतीची मापं आहेत. कोरा चहा म्हणजे गरिबी, आजारपण किंवा मयतीचं घर. पाहुणा मोठा तितका चहा घट्ट आणि गोड. मेहमाननवाजी आपला फर्ज आहे हे मान्य, पण त्यात दोन चमचे साखर कधी फर्ज झाली?

गंमत म्हणजे दुधाच्या चहाला आपण बापजाद्यांची रीत समजतो. इंग्रज सरकारने १९०३ साली निर्यातीच्या चहावर कर बसवण्याचा कायदा केला आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला लावला. पुढे गावोगाव फुकट पाजून, जाहिराती लावून आपल्याला चहाची सवय लावली गेली. एवढ्या नव्या रिवाजासाठी आपण माणसाची नियत तपासतो.

माझ्या अम्मीला शुगर होती. डॉक्टरांनी साखर बंद केली होती आणि घरात तिने ती बंद केलीही. पण ईदला, बातचीतीला, कुणाच्या पुरशाला गेली की प्रत्येक घरी गोड चहा यायचा. “नको” म्हटलं तर समोरच्याचं तोंड उतरायचं, म्हणून ती प्यायची. एका दिवसात सहा घरं झालेली मी पाहिलीत. शेवटी शेवटी पायाची जखम भरत नव्हती, तरी तिला भेटायला येणाऱ्यांसाठी तोच चहा व्हायचा आणि त्यांच्या मानाखातर एक कप तिच्याही हातात जायचा. ग्रीन टीने शुगर बरी होते असं मी म्हणत नाही; तसं सुचवणारी पाकिटं बाजारात पुष्कळ आहेत. पण त्या सहा कपांतले चार जरी बिनसाखरेचे असते तर?

मध्यंतरी मी थर्मास घेऊन शाळेत जायचो. एक सहकारी हसत म्हणाले, “सर, तुमचा चहासुद्धा हिरवाच?” मीही हसलो. काय करणार? दुसऱ्या दिवशी त्यांनीच पेला पुढे केला, ही गोष्ट वेगळी.

खालांनी मात्र अर्धा पेला पिऊन तो खाली ठेवला. दुआ दिली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मगरीबनंतर त्यांचा नातू अर्धा लिटर दूध घेऊन दारात उभा. म्हणाला, “दादी ने भेजे. पैसे नक्को बोली.” मी दूध ठेवून घेतलं. परत पाठवलं असतं तर पुन्हा इज्जतीचाच प्रश्न झाला असता.