ध्रुवित प्रकाश आणि मुलांचे डोळे

मोबाइल व संगणकाच्या पडद्यातून निघणारा ध्रुवित प्रकाश मुलांचे डोळे थकवतो काय, असा प्रश्न अलीकडे पालक विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता महागड्या काचाही विकत घेतात. हा प्रश्न तपासण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

एलसीडी पडद्यात दोन ध्रुवक पत्रे असतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशलहरी एकाच प्रतलात कंप पावतात. पोलराइज्ड गॉगल लावून मान कलती केली, की चित्र काळवंडते ते यामुळेच. परंतु असा प्रकाश काही पडद्यानेच जगात आणलेला नाही. सूर्य क्षितिजाशी असता माथ्यावरचे निळे आकाश बरेचसे ध्रुवित असते. मधमाशी त्यावरून वाट ओळखते. आरेच्या तलावावरील तिरीप, पावसात भिजलेल्या द्रुतगती महामार्गाची चकाकी हीही त्याच जातीची. मानवी डोळ्याला मात्र हा भेद जवळजवळ कळत नाही. १८४४ मध्ये हायडिंगर यांनी नोंदवलेली फिकट पिवळी आकृती एवढीच त्याची खूण. (कोऱ्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत मान हळूहळू कलती करावी, ती पुष्कळांना दिसते, मुलांना हा खेळ जरूर दाखवावा.)

आकाशाचे ध्रुवण अपुरे, पडद्याचे जवळजवळ पूर्ण, हा फरक उरतोच. तेव्हा प्रयोग करावा. दोन सारख्या पडद्यांपैकी एकावर ध्रुवण मोडणारा पत्रा लावावा, दुसऱ्यावर तसाच दिसणारा साधा. कोणता कुठे ते वाचणाऱ्यास सांगू नये. अशा तुलनेवाचून ‘मला आराम पडला’ या साक्षीस आम्ही फार किंमत देत नाही. पैसे मोजून आणलेल्या वस्तूने आराम पडतोच!

ताणाची ठाऊक असलेली कारणे साधी आहेत. पडद्यासमोर पापण्या फार कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. सतत जवळचे पाहून आतला स्नायू शिणतो. तिसरे कारण म्हणजे न तपासलेला चष्म्याचा नंबर, आणि वसतिगृहात तेच सर्वांत घातक. पोर पुस्तक नाकाशी धरते हे घरी आईच्या नजरेस येते. येथे एवढ्या मुलांत ते कोण पाहणार? फळा दिसत नाही असे मूल सहसा सांगत नाही. ते मागे पडते आणि ‘ढ’ ठरते.

म्हणून संगणक कक्षासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे: काचांऐवजी दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक मुलाची नेत्रतपासणी व गरजूंना चष्मे द्यावेत. आणि संध्याकाळचा मैदानावरचा तास जादा वर्गासाठी कोणीही घेऊ नये. उघड्यावरचा उजेड लघुदृष्टी लांबवतो, हे आता सिद्ध झालेले आहे.